आधी डोळ्यांनी बघ ना रे!
कुठेही जा, नवऱ्याचं तेच, आधी मोबाईल! जपानमधल्या हिमेजीचा किल्ला बघायला अख्खा दिवस काढला, १६०९ चा अस्सल लाकडी बुरूज आहे तो, ओसाकासारखा १९३१ ला काँक्रीटमधे परत बांधलेला नाही, आणि हा प्रत्येक उभ्या जिन्यावर थांबून रील काढतोय, मागे लोक काढलेले बूट पिशवीत धरून ताटकळलेत. भिंतीत गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं आहेत, बाण आणि बंदुकांसाठी, किती सुंदर! म्हटलं बघ तरी, तर म्हणे "फोटोत आलंय, रात्री बघू". रात्री कोण बघतं? खरंच वैताग येतो, मला हे सगळं तुझ्यासोबत तिथेच बघायचं असतं रे!