उपसरपंच कुठाय मग?

मंडळाच्या ग्रुपवर आज एका साहेबांनी टाकलंय: महाराष्ट्रात उपमुख्यमंत्रिपदं वाटून घेतात, आपल्या न्यू जर्सीत बघा, गव्हर्नरपासून खालपर्यंत सगळे लोकांनी निवडलेले! खाली टाळ्यांचा पाऊस. जेवण गार होतंय, होऊ दे.

अहो, खालपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? राज्य सरकारात राज्यभरातून निवडून येतात दोघंच, गव्हर्नर, म्हणजे इथला मुख्यमंत्रीच, आणि लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे त्याचा उप. ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारी, तोसुद्धा नेमलेला. लेफ्टनंट गव्हर्नरचं पद आलं तेच मुळी २००५ च्या घटनादुरुस्तीनं. त्याआधी गव्हर्नर मध्येच गेला की सिनेटचा, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचा, अध्यक्ष कारभार बघायचा, वर सिनेटची खुर्चीही सोडायचा नाही. जानेवारी २००२ मध्ये तर आठवड्याभरात पाच जणांकडे कारभार फिरला, त्यातल्या एकाकडे दीड तास! आणि आपण हसतो पहाटेच्या शपथविधीला. (तो होताच हसण्यासारखा, ते सोडा.)

२०१० च्या डिसेंबरात बाबा आमच्याकडे एडिसनला होते. निवृत्त ग्रामसेवक. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी हिमवादळ, गाडी बर्फात गाडलेली, बाबा माकडटोपी घालून टीव्हीसमोर. बातमी आली, गव्हर्नर ख्रिस्ती फ्लोरिडात, डिस्ने वर्ल्डला. बाबा म्हणाले, "बरं, उपसरपंच कुठाय मग?"

उपसरपंच, म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर किम ग्वाडाग्नो, मेक्सिकोत! कारभार पुन्हा सिनेटच्या अध्यक्षाकडे. घटना बदलली कशासाठी? "दोघांची रजा एकदम मंजूर केली कुणी?" बाबांचा पुढचा प्रश्न.

नंतर कळलं, ती बाई कॅन्सर झालेल्या वडिलांना घेऊन गेली होती. बाबांना सांगितलं तर जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर केलं पोरीनं." माझाही तिच्यावरचा राग गेला. ख्रिस्तींवरचा नाही.

बाबांना खरं खटकलं ते वेगळंच. इथे प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाल्यावर गव्हर्नरपदाचा उमेदवारच आपला जोडीदार ठरवतो, आणि आपलं एकच मत दोघांना जातं. "आमच्याकडं उपसरपंच सदस्यांच्या मतानं होतो, सरपंचाच्या मर्जीनं नाही." काय उत्तर देणार?

लेफ्टनंट गव्हर्नरची जागा मध्येच रिकामी झाली की तर विचारूच नका. १ ऑगस्ट २०२३ ला तेव्हाच्या लेफ्टनंट गव्हर्नर शीला ऑलिव्हर वारल्या. तेव्हाचे गव्हर्नर मर्फी इटलीत सुट्टीवर, म्हणून कारभार ऑलिव्हरबाईंकडेच होता; आदल्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या तेव्हा तो सिनेटच्या अध्यक्षाकडे गेला. घटनेप्रमाणे ४५ दिवसांत नवी नेमणूक करायची, आणि ती करायची एकट्या गव्हर्नरनं. सप्टेंबरात मर्फींनी ताहेशा वे यांना नेमलं. बाई लायक असतील, वाद नाही. पोटनिवडणूक खर्चाची, तेही मान्य. पण गव्हर्नर उद्या गेला तर राज्य ज्याच्या हातात जाणार, त्या माणसाला मतदारांनी पाहिलेलंही नसणार?

ॲटर्नी जनरलच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. लेफ्टनंट गव्हर्नरच्या रिकाम्या जागेलाही ती लावा, एवढंच म्हणतोय. साहेब, टाळ्या आवरल्या असतील तर तुमच्या भागातल्या स्टेट सिनेटरला तसं पत्र टाका. मसुदा मी देतो.