कान भिंतीला नाहीत, बॅकअपला आहेत

परवा सहज व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची, म्हणजे आपलं खातं आणखी कुठल्या यंत्रांवर चालू आहे त्याची, यादी उघडली आणि पोटात गोळा आला. नोकरी सोडून तीन आठवडे झाले, तरी तिथला संगणक यादीत होता. शेवटचा वापर: आज सकाळी. म्हणजे माझ्या जागी जो कोणी बसत असेल, त्याच्यासमोर बायकोशी, भावाशी, डॉक्टरांशी केलेलं सगळं बोलणं उघडं. चूक माझीच, लॉग आउट करायला विसरलो. आणि हाच मी, कुठलं अ‍ॅप सुरक्षित यावर वर्षानुवर्षं लोकांशी हुज्जत घालत आलोय!

त्या हुज्जतीत मी खोटं बोलत नव्हतो. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या संभाषणांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं, तेही सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपचाच प्रोटोकॉल (कुलूप लावायची पद्धत) घेऊन. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो, घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो, मधल्या सर्व्हरला नुसता गिचमिड मजकूर दिसतो. टेलिग्रामबद्दल मात्र भलताच गैरसमज आहे. तिथलं साधं चॅट असं कुलूपबंद नसतंच. ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावं लागतं आणि ग्रुपला ती सोयच नाही.

पण चोर वाटेत दबा धरून बसलेला नसतो, तो घरातच असतो. बॅकअपचंच बघा. चॅट फोनवर कुलपात, आणि त्याचीच नक्कल रोज रात्री क्लाउडवर जाते. त्या नकलेलाही एन्क्रिप्शन लावायची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये दिली, पण ती आपण स्वतः चालू करायची असते. आता मी चालू केली म्हणून सुटलो का? तर नाही. समोरच्याने केली नसेल, तर माझीच वाक्यं त्याच्या बॅकअपमध्ये उघडी पडलेली. गायब होणाऱ्या मेसेजचंही तेच. सात दिवसांनी मेसेज जाईल, स्क्रीनशॉट कुठे जातोय?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्यांची चर्चा सिग्नलवर केली आणि त्या ग्रुपमध्ये चुकून ‘द अटलांटिक’ या अमेरिकी मासिकाच्या संपादकांनाच घेतलं. एन्क्रिप्शनने काम चोख केलं. प्रत्येक मेसेज सुरक्षितपणे संपादकांच्या फोनवर पोचत होता. (मी तेव्हा खो खो हसलो होतो. आता जरा कमी हसू येतं.)

कोण कोणाशी कधी बोललं, ही माहितीही काही कमी बोलकी नसते. इथे मी सिग्नलचा पक्षपाती आहे, हे कबूल. २०१६ मध्ये त्यांच्याकडे अमेरिकेतून माहितीची कायदेशीर मागणी आली, तेव्हा त्यांच्याजवळ द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जे साठवलंच नाही ते देणार कुठून?

बाकी व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा, ओटीपी कोणाला सांगू नका, हे सगळ्यांना पाठ आहे. पिन तरी किती जणांनी लावलाय, विचारून बघा.

मी तो संगणक यादीतून काढला आणि बायकोला झाला प्रकार सांगितला. ती आधी माझ्यावर मनसोक्त चिडली, मग तिने स्वतःचा फोन उघडला. तिच्या यादीत तीन नावं निघाली. दोन ओळखीची. तिसरं काढून टाकलंय, पण ते कुठलं होतं हे दोघांनाही अजून आठवत नाहीये.