भिंतीची भोकं

घरामागचा उतार हलतोय हे आम्हाला मागच्या दाराने सांगितलं. पावसाळ्यात दार फुगतंच, म्हणून दोन वर्षं मी रंधा मारत राहिलो. तिसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यातही दार अडकायला लागलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फुगायला लाकूड भिजलंच नव्हतं, चौकटच तिरकी होत होती. बाहेर जाऊन बघतो तर संरक्षक भिंतीने मधोमध पोट काढलेलं.

जो येईल तो एकच सांगायचा, ‘आणखी जाड भिंत बांधा.’ माझं मत आता अगदी उलट झालंय. उतारावर घर असेल तर पहिला पैसा पाण्यावर घाला. उरला तर भिंतीवर.

आमच्या भिंतीला पाणी निघायला भोकं होती. त्यांतून तांबडे ओघळ यायचे, रंग खराब व्हायचा, म्हणून रंगकामाच्या वेळी ती सिमेंटने लिंपून घेतली. घेतली म्हणजे मीच सांगितलं होतं, उभं राहून. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे वरपर्यंत पाणी साचलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे साडेचार टनांचा रेटा बसतो. हा नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळा. शिवाय मातीच्या कणांमधलं पाणी कणांना एकमेकांवर नीट टेकू देत नाही, पकड सुटते, आणि वर्षानुवर्षं उभा असलेला उतार एका रात्रीत खाली येतो.

बरं, हे पाणी सगळं थेट आभाळातून उतारावर पडतं असंही नाही, बरंचसं आपणच आणून सोडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. पन्हळीचा पाइप आपण कुठे सोडतो? मागे, उतारावर. शोषखड्डा तिथेच, बागेची नळीही तिथेच चालू. वरच्या घरातल्या काकांना मी पाइप वळवायला सांगितलं तर म्हणाले, ‘अरे, पाणी खालीच जाणार ना!’ खालीच जाणार काका, पण खाली मी राहतो.

झाडं लावा म्हणणारेही खूप भेटले. लावावीत, मीही वाळा लावलाय, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि वरची माती धुपत नाही. पण घसरण मुळांच्याही खालून होत असेल तर झाडं उभ्याउभ्या मातीसकट खाली येतात.

हाँगकाँगचं उदाहरण मला फार पटतं. १८ जून १९७२ ला तिथे एकाच दिवशी दोन उतार कोसळले. साऊ माऊ पिंगला ७१ माणसं गेली, पो शान रोडला ६७. साऊ माऊ पिंगचा उतार म्हणजे नीट न दाबलेला भराव. १९७६ मध्ये तिथेच पुन्हा भराव घसरला, आणखी १८ गेले. मग १९७७ मध्ये सरकारने उतारांसाठी वेगळं कार्यालयच काढलं. आज तिथे माणसाने कापलेल्या किंवा भरलेल्या हजारो उतारांची नोंद आहे, प्रत्येकाला नंबराची पाटी आहे, आणि देखभाल कोणाची तेही ठरलेलं आहे. आपण गाडीची सर्व्हिसिंग तारीख बघून करतो. घरामागच्या चरातला पालापाचोळा शेवटचा कधी काढला, आठवतंय?

आम्ही शेवटी भोकं फोडली. पहिल्या दिवशी गढूळ पाणी पिचकारीसारखं आलं, अंगणभर. मागे खडीचा थर आणि माती अडवणारं कापड घातलं, नाहीतर पाण्याबरोबर मातीही वाहून जाते. उताराच्या माथ्यावर पक्का चर काढून पाणी बाजूच्या नाल्याला नेलं. काकांचा पाइपही त्याच चरात आला, चार वेळा चहा पाजल्यावर. भिंतीचा फुगलेला भाग मात्र उतरवून नव्यानेच बांधावा लागला, ते काही टळलं नाही.

चौकटीजवळच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवलीय, तारीख घालून. भेग वाढली की काच तडकते. गेल्या पावसाळ्यात दोन पट्ट्या तडकल्या होत्या. यंदाची अजून शाबूत आहे. पाऊस अजून महिनाभर आहे.