अंतराळ-लिफ्ट : 'दोर वर जाड करत न्या' या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार, आणि ती चिडून लिहिलीत त्याबद्दलही. गुळमुळीत कौतुकापेक्षा हे बरं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अंतराळ-लिफ्ट म्हणजे जमिनीपासून थेट अंतराळात ताणलेला दोर आणि त्यावरून चढणारा डबा. ती या शतकात होणं कठीण, हे माझं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही. तुमच्या मते दोर वर जाड करत नेला की कोणताही मजबूत पदार्थ चालेल, शिवाय पोलादाच्या शंभरपट ताकदीच्या नॅनोट्यूब (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्या) आहेतच. ओबायाशी या जपानी बांधकाम कंपनीने २०५० साल जाहीर केलेलं असताना मी मात्र घरबसल्या नकारघंटा वाजवतोय. जाता जाता केरळातल्या थुंबा रॉकेट-तळावर सायकलवरून नेलेल्या रॉकेटची आठवणही करून दिलीत.

जाडीचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे. युरी आर्त्सुतानोव यांनी १९६० साली आणि जेरोम पिअर्सन यांनी १९७५ साली हेच मांडलं: दोर भूस्थिर कक्षेत, म्हणजे उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो त्या ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, सर्वात जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळता. पण किती जाड? गोम तिथेच आहे. दोर जाड केला की वजन वाढतं, ते पेलायला वरचा भाग आणखी जाड लागतो, म्हणजे पुन्हा वजन. त्यामुळे पदार्थाची ताकद निम्मी झाली तर वरच्या आणि खालच्या छेदाचं (दोर आडवा कापला तर दिसणाऱ्या क्षेत्रफळाचं) गुणोत्तर दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो.

आकडेच मांडू. जमिनीपाशी दोराचा छेद १ चौरस मिलिमीटर धरा. अतिशय उदार होऊन पोलादाची ताकद ५ गीगापास्कल (१ गीगापास्कल म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण १०० किलोंचा भार) मानली, तर भूस्थिर कक्षेत तो छेद १ वर ३३ शून्यं इतक्या पटींनी वाढतो. हा दोर नेपच्यूनच्या कक्षेपेक्षा रुंद होईल! केव्हलार, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटातला तंतू, घेतलं तर चित्र एवढं हास्यास्पद नाही: वरचा व्यास साधारण १८ मीटर. पण त्या दोराचं वजन अब्जावधी टनांत जातं आणि खालच्या टोकाला तो पेलणार साडेतीनशे किलोंच्या आसपास, तेही सुरक्षेसाठी काहीही राखून न ठेवता. ५० गीगापास्कल ताकदीचा, नॅनोट्यूबइतका हलका दोर मिळाला, तर मात्र हेच गुणोत्तर साडेतीनवर येतं. सगळे नॅनोट्यूबच्या मागे का लागले, ते यावरून कळेल.

म्हणजे तुमचा नॅनोट्यूबचा मुद्दाच खरा मुद्दा. एकेकट्या नळीची ताकद प्रयोगशाळेत मोजलेली आहे, त्यावर वाद नाही. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात २०१३ साली अर्ध्या मीटरहून लांब नळी वाढवली गेली, आणि २०१८ साली तिथेच काही सेंटीमीटर लांबीच्या जुडग्याने ८० गीगापास्कलचा ताण सोसला. कौतुकास्पदच. पण दोर हवा जवळपास एक लाख किलोमीटरचा, आणि एवढी लांब अखंड नळी कोणी वाढवू शकत नाही. मग आखूड नळ्या कातून सूत काढायचं. कापसाचं सूत टिकतं ते पिळामुळे, तंतू एकमेकांना घासून धरतात म्हणून. नॅनोट्यूबचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की त्या एकमेकींवरून सटकतात. ताणाखाली नळी तुटत नाही, शेजारणीच्या बाजूने निसटते. म्हणून कातलेल्या धाग्याची ताकद काही गीगापास्कलवर घसरते. त्यात एखाद्या नळीत काही अणू जागेवर नसले तरी तिची ताकद बरीच उतरते, आणि लांबी वाढेल तशी असली दुबळी जागा सापडण्याची शक्यताही वाढते. 'शंभरपट मजबूत' हे वाक्य नळीबद्दल आहे, दोराबद्दल नाही.

नासाने २००५ ते २०११ या काळात मजबूत दोरासाठी बक्षीस ठेवलं होतं. ते कोणालाच मिळालं नाही. त्याच्याच जोडीची स्पर्धा, म्हणजे जमिनीवरून पाठवलेल्या ऊर्जेवर दोर चढणारं यंत्र, मात्र जिंकली गेली: २००९ साली लेझरमोटिव्हच्या यंत्राने हेलिकॉप्टरला टांगलेल्या ९०० मीटरच्या दोरावर चढून ९ लाख डॉलर मिळवले. तेव्हा डब्याची, मोटरची, विजेची मला फारशी काळजी नाही. (अंतराळात फिरणाऱ्या कचऱ्याची आहे. प्रत्येक उपग्रह विषुववृत्ताचं प्रतल ओलांडतोच आणि दोर तिथेच उभा असणार. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

ओबायाशी ही टोकियो स्कायट्री बांधणारी कंपनी, तिला मी हसत नाही. पण २०१२ साली जाहीर झालेल्या त्या ९६,००० किलोमीटरच्या आराखड्यात दोर नॅनोट्यूबचाच गृहीत धरलेला आहे. दोर मिळाला तर २०५०, असं ते वाचायला हवं. आणि थुंब्याचं म्हणाल, तर सायकलवर होतं ते खरोखरच्या रॉकेटचं टोक. तिथे चणचण पैशाची आणि वाहनांची होती, धातू आणि इंधन जगाला माहीत होतं. इथे पैसा ओतला तरी विकत घ्यायला पदार्थ नाही.

हीच लिफ्ट चंद्रावर उभारायची म्हटलं, तर माझा सूर बदलतो. तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं कमी की आज बाजारात मिळणाऱ्या तंतूंवर हिशेब बसतो. त्यावर वाद घालायला मला आवडेल.

आणि एक मीटर लांबीच्या, कातलेल्या नॅनोट्यूब धाग्याने ३० गीगापास्कल सोसल्याची चाचणी तुमच्या वाचनात आली, तर दुवा जरूर पाठवा. नवा लेख मी त्याच आठवड्यात लिहायला घेईन.