वायफाय घरभर हवं? मग वायरच टाका: एका फिरत्या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. थोडक्यात तो असा: घरात नेट सगळीकडे पोचत नसेल तर राउटरपासून खोलीपर्यंत लॅन केबल टाकायच्या भानगडीत पडू नका. ते जुनं तंत्रज्ञान. त्याचा वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. भिंती फोडाव्या लागतात. एवढं करून केबलच्या टोकाला दुसरा राउटर लावला तरी फोन पहिल्यालाच चिकटून बसतो, खोलीगणिक नाव बदलावं लागतं. त्यापेक्षा प्लगमध्ये खोचायचा एक्स्टेंडर आणा, नाहीतर जास्त अँटेनांचा राउटर घ्या. घरभर फुल रेंज, आणि वेग तोच. शेवटी जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याकडे येतोच. पण ज्या वाक्यावर लोक पैसे खर्च करतात ते शेवटचं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

‘फुल रेंज, वेग तोच.’ एक्स्टेंडर स्वतः नेट तयार करत नाही. राउटरने हवेतून पाठवलेलं तो ऐकतो आणि तेच पुन्हा हवेत सोडतो. स्वस्त एक्स्टेंडरमध्ये ऐकायला आणि बोलायला रेडिओ एकच, चॅनेलही एकच, त्यामुळे दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. तुमच्या फोनकडे निघालेला डेटाचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: एकदा हॉलमधून पॅसेजपर्यंत, पुन्हा पॅसेजमधून बेडरूमपर्यंत. वेळ दुप्पट लागला की वेग निम्म्यावर येणारच. हा निम्माही तुमच्या प्लॅनचा नाही. एक्स्टेंडर जिथे खोचलाय तिथे जेवढं नेट पोचत होतं, त्याच्या निम्मा.

आता बघा, तो खोचला जातो कुठे? जिथे रेंज नाही नेमका तिथेच, बेडरूममध्ये पलंगाशेजारच्या प्लगला. तिथे फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि माणूस खूश होतो. पण त्या काड्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या आहेत, त्या दोघांत अंतर हातभर. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यात काय अवस्था आहे हे फोन सांगत नाही. म्हणून ‘रेंज फुल आहे पण व्हिडिओ कॉल अडकतो’ ही तक्रार जिथे तिथे ऐकू येते. रेंज खरंच फुल आहे. फक्त ती नेटची नाही.

दोन बँडचे, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवर बोलणारे एक्स्टेंडर आणि तीन बँडचे मेश संच (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले डबे) या बाबतीत बरे, हे मान्य. मेशमधले काही संच आपापसात बोलायला एक वेगळा रेडिओ राखून ठेवतात, त्यामुळे वेग सरळ अर्ध्यावर येत नाही. पण तो राखीव रेडिओसुद्धा शेवटी त्याच भिंतीतून जातो, ज्या भिंतीपायी तुम्ही संच विकत घेतलात. मेशच्या बहुतेक डब्यांना मागे लॅनचं पोर्ट असतं. त्यात केबल खोचली की डबे एकमेकांशी वायरवरून बोलतात आणि सगळी हवा फोन-लॅपटॉपसाठी मोकळी राहते. मेश घ्यायचा तर घ्या, पण ते पोर्ट रिकामं ठेवू नका.

‘लॅन हे जुनं तंत्रज्ञान.’ जुनं आहेच. लॅन केबलवर डेटा ज्या पद्धतीने चालतो तिचं नाव इथरनेट. रॉबर्ट मेटकाफ यांनी तिची कल्पना १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात मांडली. गंमत अशी की ती रेडिओवरूनच आलेली. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने १९७१ मध्ये अलोहानेट नावाचं बिनतारी जाळं सुरू केलं होतं, मेटकाफ यांनी त्याचा अभ्यास केला होता. तिथे सगळे एकाच वाहिनीवर बोलायचे. दोघे एकदम बोलले की दोघांचंही फुकट, मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. सुरुवातीचं इथरनेटही एकाच जाड केबलवर असंच चालायचं, फक्त बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकून. पुढे स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतःची वायर मिळाली, जाणं आणि येणं एकाच वेळी होऊ लागलं आणि टकरींचा प्रश्नच मिटला.

वायफायचं पहिलं मानक १९९७ चं, म्हणजे वयाने लहान. पण इथरनेट ज्या दुखण्यातून बाहेर पडलं ते वायफायला अजून आहे: एका चॅनेलवर एका वेळी एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वायफाय ६ ने वेळेचं वाटप पुष्कळ सुधारलं, तरी हवा एकच. आणि ती फक्त तुमची नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. फ्लॅटमध्ये उभं राहून फोनवर वायफायची यादी उघडा. वरचे, खालचे, समोरचे, जिन्यापलीकडचे असे जेवढे राउटर दिसतील ते सगळे या तिनांत दाटीवाटीने बसलेत. एक्स्टेंडर लावणं म्हणजे त्यात आणखी एकाची भर.

आता ते अर्धं खरं वाक्य: ‘लॅनचा वेग १०० च्या वर जात नाही.’

पुष्कळ घरांत खरंच जात नाही. ३०० चा प्लॅन असतो, केबल लावून स्पीड टेस्ट केली की आकडा ९४ च्या आसपास येऊन थांबतो. कधीही करा, तेवढाच. हा ९४ दिसला की समजायचं, वायर १०० एमबीपीएसवर जोडली गेलीय, थोडं डेटाभोवतीच्या पत्त्या-खुणांत गेलं आणि उरलं ते तुमच्या पदरात. दोष तंत्रज्ञानाचा नसतो. साध्या तांब्याच्या केबलवर १००० एमबीपीएस नेण्याचं मानक १९९९ मध्येच आलं, आणि २०१६ मध्ये त्याच साध्या, कॅट-५ई दर्जाच्या केबलवर २५०० पर्यंत नेण्याचं. अंतर १०० मीटरपर्यंत. तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कितीही वळसे घातले तरी १०० मीटर होत नाहीत.

मग अडतं कुठे? एक तर राउटरच्या पोर्टात. डब्यावर मोठ्या अक्षरात १२०० छापलेलं असतं आणि मागची पोर्टं १०० चीच असतात, असे राउटर बाजारात भरपूर आहेत. तो १२०० म्हणजे दोन बँडची बेरीज, ३०० आणि ८६७, वर गोळाबेरीज. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. ८६७ सुद्धा राउटरच्या समोर बसल्यावर ठरणारा जोडणीचा वेग आहे, प्रत्यक्ष डाउनलोड त्याहून बराच कमी. लॅनला १०० म्हणून नावं ठेवणारे वायफायचा छापील आकडा घेतात, लॅनचा पदरात पडलेला, आणि दोन्ही शेजारी मांडतात.

दुसरं, केबलच्या टोकाला. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. घाईत क्रिंप केलेल्या, म्हणजे दाबून बसवलेल्या जॅकमध्ये एखादी तपकिरी किंवा निळी तार पुढपर्यंत पोचलेली नसली तरी नेट चालतं, फक्त निमूटपणे १०० वर उतरतं. कुणी तक्रार करत नाही, कारण बंद काहीच पडलेलं नसतं. जॅक उजेडात धरून पाहा: पिवळे पत्रे वर आणि केबल आपल्याकडे ठेवली की डावीकडून पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठही टोकं पारदर्शक प्लास्टिकच्या पुढच्या कडेला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मागे राहिली असेल तर जॅक कापा आणि नवा लावा, काही रुपयांचं काम आहे.

तिसरं, केबल कोणती. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींच्या तारा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. कॅट-५ई किंवा कॅट-६ म्हणवून घ्यायला तार तांब्याचीच लागते, मुलाम्याची मानकात बसत नाही, मग वेष्टणावर काहीही छापलेलं असो. ओळखायला दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतपर्यंत लालसर राहिली तर तांबं, पांढुरकी चमकली तर परत करा. ॲल्युमिनियमची तार दोनचार वेळा वाकवली की तुटते, आणि तुटते ती नेमकी भिंतीतल्या वळणावर.

‘भिंती फोडाव्या लागतात.’ बहुतेक घरांत नाही. टीव्हीच्या केबलसाठी बिल्डरने हॉलपासून बेडरूमपर्यंत भिंतीत पाइप टाकलेला असतो. आज पुष्कळ घरांत टीव्हीही नेटवर चालतो, तिथे ती जुनी केबल नुसती पडून असते. तिच्या एका टोकाला नवी लॅन केबल चिकटपट्टीने घट्ट बांधायची, सांधा निमुळता ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाने एकाने ओढत असताना इकडून दुसऱ्याने सरकवत राहायचं. अडली तर जोर करू नका, थोडी मागे घेऊन पुन्हा. पाइप गच्च असेल तर वायरमनला बोलवा, त्याच्याकडे यासाठी लांब स्प्रिंग असते. फक्त विजेच्या पाइपातून लॅन नेऊ नका. त्याच पाइपात २३० व्होल्टची वायर आहे, इन्सुलेशन खरचटलं तर काय होईल ते सांगायला नको. पाइपच नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पांढरी पट्टी, दाराच्या चौकटीच्या कडेने. पंधरा दिवसांनी ती दिसेनाशी होते.

फोडाफोडीचा मुद्दा खरा ठरतो तो नव्या टॉवरमध्ये. मिव्हान पद्धतीने बांधलेल्या इमारतींत आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, लोखंडी सळ्या घालून ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे झिरी मारायला सोसायटी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये, कारण इमारतीचा भार त्याच भिंतींवर आहे. पण वायफाय सगळ्यात जास्त मार खातं तेही याच भिंतींत. म्हणजे जिथे वायर टाकणं अवघड, तिथेच तिची गरज जास्त. अशा घरात ताबा घेण्याआधी पाहून ठेवायचं, प्रत्येक खोलीत रिकामा पाइप आहे का. नसेल तर वर सांगितलेली पट्टी आहेच.

‘जास्त अँटेनांचा राउटर घ्या.’ संभाषण दोन्ही बाजूंनी असतं. राउटरने कितीही मोठा भोंगा लावला तरी फोनचा आवाज फोनएवढाच, आणि तो त्याच भिंतीतून राउटरपर्यंत यायचाय. पुढे जाऊ.

‘फोन पहिल्यालाच चिकटून बसतो, खोलीगणिक नाव बदलावं लागतं.’ नाव बदलावं लागतं, कारण लावणाऱ्याने दोन नावं ठेवलेली असतात. दोन्हीकडे नाव एक, पासवर्ड एक, सुरक्षेचा प्रकार एक, आणि चॅनेल वेगळं ठेवायचं. समजा एकाला १, दुसऱ्याला ११. मग फोन स्वतःहून बदलतो. कधी बदलायचं ते राउटर नाही, फोन ठरवतो. आयफोनबाबत तर ॲपलने आकडाच दिलाय: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली गेला की तो दुसरीकडे शोधू लागतो. त्यामुळे हॉलमधल्या राउटरची ताकद कमाल ठेवलीत तर बेडरूममध्येही जेमतेम सिग्नल पोचत राहतो आणि फोन तोच धरून बसतो. ताकद मध्यमवर आणा, फोन पटकन सोडेल. मेसेजचा सल्ला याच्या अगदी उलट आहे.

केबलच्या दुसऱ्या टोकाला लावायला घरातला जुना राउटर चालतो. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ (केबलवरून आलेलं नेट फक्त वायफायने पसरवणारा डबा) असा पर्याय असेल तर तो निवडला की संपलं. नसेल तर तीन गोष्टी करा: त्याचा पत्ता बदला, म्हणजे मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि तो मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेर ठेवा. त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करा. आणि केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट येण्यासाठीच्या नव्हे, लॅनच्या पोर्टात खोचा. डीएचसीपी बंद करायचं विसरलं तर दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि घरातल्या निम्म्या फोनवर नेट चालतं, निम्म्यांवर ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ येतं. कोणत्या निम्म्यांवर, ते रोज बदलतं. मग दोष बिचाऱ्या केबलला.

नव्याने घेणार असाल तर केबलमधूनच वीज घेणारा ॲक्सेस पॉइंट बघा. याचं मानक २००३ पासून आहे, पोर्टामागे १५.४ वॅटपर्यंत, आणि घरगुती ॲक्सेस पॉइंटला तेवढं पुरतं. डबा छताला लागतो, शेजारी प्लग नसला तरी चालतं. वीज गेली की फायबरच्या डब्याशेजारी ठेवलेल्या एका छोट्या यूपीएसवर घरभरचं नेट चालू राहतं. प्लगमध्ये खोचलेला एक्स्टेंडर अशा वेळी पहिला मरतो. गावाकडे, जिथे लाइट दिवसातून दोनदा जाते, तिथे वेगापेक्षाही हे कामाचं.

वन बीएचकेत, विटांच्या भिंतींत, राउटर मधोमध ठेवता येत असेल तर यातलं काहीच करू नका, नुसता राउटर टीव्हीच्या मागून काढून कपाटावर ठेवा. भाड्याचं घर असेल, मालक खिळाही मारू देत नसेल, तर एक्स्टेंडर घ्या, पण दोन बँडचा, आणि तो राउटर व बेडरूमच्या मध्यावर खोचा.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे मीही तांब्याची केबल टाका म्हणणार नाही: एका इमारतीतून दुसरीत. बंगल्यातून आउटहाउसला, गच्चीवरून शेजारच्या विंगला. पावसाळ्याच्या तोंडाला वीज जवळपास कडाडली तरी अशा उघड्यावरच्या केबलीतून झटका येतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जळतात. केबलवाल्यांनी गच्च्यांवरून लॅन ओढून नेट दिलं त्या काळात दर जूनमध्ये हे व्हायचं. तिथे फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही, फक्त आत लोखंडी तार नसलेलं घ्या, आणि दोन्ही टोकांना फायबरचं लॅनमध्ये रूपांतर करणारा एकेक कन्व्हर्टर लावा.