संघ पुण्याचा होता, लीगमधली जागा नव्हती

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतली एकच जागा बघा. 2014 मध्ये ती पुण्यात होती, 2019 मध्ये हैदराबादला गेली आणि 2025 मध्ये स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत पोचली. दिल्लीचा आधीचा संघ, दिल्ली डायनामोज, 2019 मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. एका दाराने गेला, दुसऱ्या दाराने आला. या सगळ्यात चारही शहरांतल्या प्रेक्षकांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही, आणि विचारायची सक्ती कुठल्याच कागदावर नव्हती.

2014 चा पुण्याचा संघ म्हणजे एफसी पुणे सिटी. मालक वाधवान समूह, सहमालकांत हृतिक रोशन. 2017-18 च्या मोसमात संघ पहिल्यांदा आणि शेवटचा उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूला 0-0 रोखलं. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने हॅटट्रिक ठोकली आणि 3-1 ने खेळ संपला. पुढच्याच वर्षी मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि ऑगस्ट 2019 मध्ये ती जागा हैदराबाद एफसीकडे गेली. आघाडीचा खेळाडू मार्सेलिन्यो गेला, प्रशिक्षक फिल ब्राउनही तिकडेच. मार्च 2022 मध्ये हैदराबादने गोव्याच्या फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून कप उचलला. दोन वर्षांत त्यांचीही तीच गत झाली: खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घ्यायला बंदी आली, भर मोसमात परदेशी खेळाडू निघून गेले आणि 2023-24 मध्ये संघ तळाला. विजेतेपदही संघाला शहरात टिकवू शकत नाही, ही गोष्ट हैदराबादकडे बघून कळते.

"पुणेकर मैदानावर येतच नव्हते" हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. आपल्याकडच्या फुटबॉल क्लबचं पोट तिकिटांवर कधीच भरत नाही, ते मालकाच्या खिशावर आणि प्रायोजकांवर चालतं. डायनामोजना भुवनेश्वरला नेलं ते ओडिशा सरकारच्या पाठबळाने आणि कलिंगा स्टेडियमने. पुणे सिटीच्या आधीचा पुण्याचा वेगळा क्लब, पुणे एफसी, तर 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, उपविजेता होता. तरी तो बंद पडला आणि त्याची अकादमी 2016 मध्ये पुणे सिटीने घेतली. दोन्ही वेळा निर्णय मालकाच्या ताळेबंदाने केला, गर्दीने नाही.

आता कागदांकडे येऊ, कारण निष्ठा कुठल्याच करारात लिहिलेली नसते. क्लबचे खरे कागद तीन: लीगशी झालेला सहभागाचा करार, मैदानाचा भाडेकरार, आणि नाव-बोधचिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी. पहिला लीग आणि मालक यांच्यात असतो, तिथे आपल्याला शिरकाव नाही. तिसरा मालकाच्या कंपनीच्या नावावर असतो. दुसऱ्यात मात्र समोरच्या बाजूला सरकार बसलेलं असतं. बालेवाडी राज्य सरकारची, अंधेरीचं संकुल मुंबई महापालिकेचं, फातोर्डा गोवा सरकारचं. घरमालक आपणच आहोत, फक्त घरमालकासारखं वागत नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडने वागून दाखवलं. 1995 मध्ये ब्राउन्स या तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. शहराच्या मैदानाचा भाडेकरार 1998 पर्यंत होता. शहर तोच कागद घेऊन कोर्टात गेलं. त्याने संघ थांबला नाही, पण तडजोडीत नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडमध्ये राहिला. बाल्टिमोरच्या संघाला रेव्हन्स म्हणून कोरी पाटी घ्यावी लागली आणि 1999 मध्ये ब्राउन्स नव्याने उभे राहिले. पाठोपाठ ओहायो राज्याने कायदा केला: करदात्यांच्या पैशावरच्या मैदानात खेळणाऱ्या संघाला हलायचं असेल तर सहा महिने आधी नोटीस द्या आणि स्थानिकांना संघ विकत घ्यायची संधी द्या. 2017 मध्ये कोलंबस क्रू हा फुटबॉल संघ ऑस्टिनला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा राज्य याच कायद्यावर कोर्टात गेलं. समर्थकांनी मोहीम पेटती ठेवली, स्थानिक खरेदीदार मिळाले, संघ वाचला.

आणि आता यातली मेख. क्रू विकत घेणाऱ्यांत हॅस्लम कुटुंब होतं, तेच ब्राउन्सचे आजचे मालक. त्यांना ब्राउन्सना शहराबाहेरच्या ब्रूक पार्क उपनगरात न्यायचं होतं. क्लीव्हलंडने पुन्हा तोच कायदा काढला, तर 2025 मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने तो बदलून फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरता ठेवला. म्हणून नुसत्या कायद्यावर विसंबू नये, अट भाडेकरारातही हवी.

त्या भाडेकरारात काय हवं? मुदत किमान लीगच्या कराराइतकी. घरचे सगळे सामने इथेच, अशी स्पष्ट अट. ती मोडल्यास फक्त नुकसानभरपाई नव्हे, कारण जाणारा मालक भरपाई खर्चात धरूनच निघतो. संघ हलवण्याआधीच मनाई हुकूम मागता येईल अशी भाषा हवी. सहा महिन्यांची नोटीस आणि स्थानिकांना खरेदीचा पहिला हक्क. मैदान एकेका सामन्याच्या भाड्यावर दिलं तर यातलं काहीच मागता येत नाही.

नाव-रंगांचं काम समर्थक स्वतः करू शकतात, पण संघ येण्याच्या वेळीच. सात सभासद जमले की 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदता येते. क्लबशी बोलणं करून नाव आणि बोधचिन्ह संस्थेच्या नावाने वर्ग 41 (क्रीडा) आणि वर्ग 25 (कपडे) मध्ये नोंदवायचं आणि क्लबला वापराचा परवाना द्यायचा. संस्थेला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला 9,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. धोका एकच: पाच वर्षांहून जास्त काळ वापरच झाला नाही तर त्यामुळे अडलेला कुणीही ती रद्द करून मागू शकतो. संघ गेल्यावर निदान एखादा स्थानिक लीगमधला संघ त्या नावाने खेळवत राहायला हवं. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या समर्थकांनी 2002 मध्ये असाच संघ उभा केला. क्लब मिल्टन कीन्सला चालला म्हटल्यावर एएफसी विम्बल्डन काढला, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली आणि 2011 मध्ये फुटबॉल लीग गाठली.

कोलकात्याचं उदाहरण लोक फार देतात. 2020 मध्ये गोएंका समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीत 80 टक्के घेतले, क्लबकडे 20 राहिले. नावापुढे समूहाच्या आधीच्या क्लबचं एटीके लागलं आणि समर्थक तीन वर्षं भांडले. 2023 च्या विजेतेपदानंतर ते निघालं. चांगलंच झालं, पण तो दबावाचा विजय होता. निव्वळ कंपनी कायद्याने पाहिलं तर विशेष ठरावाला 75 टक्के मतं लागतात, म्हणजे 20 टक्क्यांनी काहीच अडत नाही. अडवायचं तर 26 हवेत. तेवढे पैसे नसतील तर कंपनीच्या नियमावलीतच नाव, रंग आणि शहर बदलण्यासाठी जास्त कडक अट घालून घेता येते; 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 5 त्यासाठीच आहे. मोहन बागानमागे लाखो माणसं आणि 1889 पासूनचा वारसा आहे, पुण्याच्या पाच वर्षांच्या क्लबकडे तो नव्हता. नव्या क्लबला कागदच लागतो.

बालेवाडीत पुन्हा कधीतरी नवा मालक येईल, फ्लेक्स लागतील, सिनेतारे येतील. भाडेकराराचा मसुदा त्याच्या आधी मागा. क्रीडा आयुक्तालय त्याच संकुलात आहे, अर्ज द्यायला फार लांब जावं लागणार नाही.