आईंच्या सकाळच्या चार गोळ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी उठून पुन्हा वाचली. तुमचा राग रास्त आहे. थायरॉइड आणि पेनकिलरवरच्या माझ्या लेखात मी लिहिलं होतं, "थायरॉक्सिन घेणाऱ्यांनी पेनकिलरला घाबरू नये. दोन गोळ्यांत थोडं अंतर ठेवलं की झालं." तुमच्या आईंचा थायरॉइड कमी आहे आणि त्या रोज थायरॉक्सिनची गोळी घेतात, म्हणून तुम्ही ते त्यांना वाचून दाखवलंत. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, तुम्ही अंतर पाळलंत, आणि चार महिन्यांत आईंचा टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) २.८ वरून ९.६ वर गेला. मग तुम्ही पेनकिलर बंद केलीत, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी केलीत, तर ९.१. "म्हणजे नुकसान कायमचं झालं. आता थायरॉइड असलेल्या प्रत्येकाला मी पेनकिलर घेऊ नका असंच सांगणार," असं तुम्ही लिहिलंय.

ते वाक्य माझंच. ते अपुरं होतं आणि एका बाबतीत सरळ चुकीचं होतं. मी पंधरा वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलंय आणि गेली अकरा वर्षं स्वतः रोज सकाळी हीच गोळी घेते. मला ते सुचायला हवं होतं. पण तुम्ही जिला दोष देताय ती गोळी बहुधा निर्दोष आहे. जिच्यावर माझा संशय आहे ती आईंच्या हातात अजून रोज पडते आहे. म्हणून हे उत्तर लांबणार.

बरं झालं, तुम्ही सकाळचा क्रम वेळांसकट दिलात. सहाला थायरॉइडची गोळी. साडेसहाला पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी, कारण तिच्याही पाकिटावर 'उपाशीपोटी' लिहिलंय. साडेसातला नाश्ता आणि त्यावर डायक्लोफेनॅक, म्हणजे ती पेनकिलर, व कॅल्शियम. चार गोळ्या, दीड तासात. तुम्ही अंतर मोजलंत ते पहिल्या गोळीचं आणि डायक्लोफेनॅकचं, कारण मी तेवढंच सांगितलं होतं. मधल्या आणि शेवटच्या गोळीबद्दल माझ्या लेखात अवाक्षर नव्हतं.

आधी डायक्लोफेनॅक. ही गोळी, किंवा आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, नेहमीच्या मात्रेत आतड्यात थायरॉक्सिनला अडवून धरत नाहीत. पॅरासिटामॉलही नाही. शिवाय या गोळ्या खाल्ल्यावर घ्यायच्या आणि थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, त्यामुळे अंतर आपोआपच पडतं.

कॅल्शियमचं तसं नाही. ते आतड्यात थायरॉक्सिनला चिकटतं आणि गोळीचा काही भाग रक्तात न जाता शरीराबाहेर पडतो. लोहाच्या गोळ्या, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली पांढरी ॲसिडिटीची औषधं आणि सुक्राल्फेट यांचंही तेच. इथे अंतर उपयोगी पडतं, पण ते चार तासांचं हवं. आईंचं दीड तासाचं आहे. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणावर गेलं की हा प्रश्न मिटतो.

आता पँटोप्राझोल. माझं वाक्य चुकीचं ठरतं ते इथे. थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला जठरात आम्ल लागतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीची औषधं आम्ल तयार करणाऱ्या पेशींचे पंपच बंद पाडतात आणि तो परिणाम दिवसभर, पुढेही टिकतो. थायरॉक्सिन अर्धा तास आधी घेतलं काय आणि चार तास आधी घेतलं काय, जठरात आम्ल कालच्या गोळीनेच कमी झालेलं असतं. अंतर ठेवून हे सुटत नाही. सगळ्यांचाच टीएसएच यामुळे वाढतो असं नाही, कित्येकांना काहीच फरक पडत नाही. पण कोणाचा वाढेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे, अशी गोळी रोज सुरू झाली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायचा आणि वाढला असेल तर डॉक्टरांनी थायरॉक्सिनचा डोस थोडा वाढवून द्यायचा, एवढाच मार्ग आहे. मी 'अंतर ठेवलं की झालं' लिहिल्यामुळे तुम्ही ती तपासणी चार महिने केली नाहीत. हे माझ्याकडून झालं आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की तुम्ही पेनकिलर थांबवलीत, पण तुमच्या लिहिण्यावरून पँटोप्राझोल आणि कॅल्शियम जिथल्या तिथे चालू आहेत. मग टीएसएच उतरेल कशाने? आईंचे गुडघे मात्र पुन्हा दुखायला लागले असतील.

आणि पंधरा दिवसांनी आलेला तो ९.१. थायरॉक्सिन रक्तातून फार सावकाश जातं. घेतलेल्यातलं निम्मं कमी व्हायला साधारण सात दिवस लागतात, आणि ज्यांचा थायरॉइड कमी आहे त्यांच्यात आणखी थोडे जास्त. टीएसएच त्याच्याही मागून चालतो. काहीही बदल केला, तरी सहा आठवड्यांच्या आत आलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. तेव्हा 'कायमचं नुकसान' हे मनातून काढून टाका. कमी शोषण झालेल्या गोळीचा परिणाम डोस जुळवला की भरून निघतो.

यावर तुमच्या मनात येईल की मग पँटोप्राझोलच बंद करतो. कृपा करून स्वतःहून करू नका. डॉक्टरांनी ती दिली ती डायक्लोफेनॅकपासून जठराचं रक्षण करायला. आईंच्या वयात अशा पेनकिलरमुळे जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो कधीकधी पोटात न दुखताच होतो. पेनकिलर पुन्हा सुरू झाली आणि रक्षक गोळी नसली तर धोका टीएसएचच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. उलट पेनकिलर कायमची बंद होणार असेल, तर पँटोप्राझोलची गरज उरली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. मधल्या काळात थायरॉक्सिनचा डोस वाढवला गेला आणि नंतर पँटोप्राझोल थांबली, तर तोच डोस जास्त व्हायला लागतो. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, झोप उडणं. वयस्कर माणसात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे ती गोळी सुरू होताना जशी तपासणी, तशीच ती बंद झाल्यावरही.

डायक्लोफेनॅक बिनघोर सुरू ठेवा असंही मी म्हणत नाही. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय या कारणांसाठी वयस्करांनी ती रोज, महिनोन्‌महिने घेऊ नये, आणि थायरॉइड कमी असताना मूत्रपिंडाचं काम आधीच थोडं मंदावलेलं असतं. गुडघ्यासाठी तेच औषध जेलच्या रूपात चोळून लावता येतं, त्यातलं फार थोडं रक्तात जातं. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम खरंच फरक करतात. पॅरासिटामॉल चालेल, पण प्रौढांना चोवीस तासांत ४ ग्रॅम ही शेवटची मर्यादा, आणि बारीक अंगकाठीच्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या वयस्करांना त्याहून कमी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते असतंच, तेही या हिशोबात धरायचं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी रात्री अडीच-तीनला उजवा हात झटकत उठायचे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर, मनगटापासून कोपरापर्यंत ठणका. पलंगाच्या कडेवर बसून हात खाली सोडून झटकला की मुंग्या हळूहळू उतरायच्या. सकाळी शर्टाचं बटण लागायचं नाही. पिंढऱ्या आणि खांदे असे भरून आलेले असायचे, की आदल्या दिवशी कुणी ओझी वाहायला लावली असावीत. मी औषधांच्या कपाटाशेजारी काम करणारी. आयबुप्रोफेन घेत राहिले, तीन महिने. पुढे दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तर टीएसएच ४२ निघाला. थायरॉक्सिन सुरू झालं, आणि पुढच्या काही महिन्यांत हात आपोआप शांत झाला.

थायरॉइड कमी असला की स्नायू दुखतात, सांधे आखडतात, मनगटातली नस दाबली जाते. रक्तातलं सीके नावाचं स्नायूंचं द्रव्यही वाढू शकतं. म्हणून आईंच्या बाबतीत मला हे विचारावंसं वाटतं, की गेल्या चार महिन्यांत दुखणं फक्त गुडघ्यात होतं, की मांड्या, खांदे, पाठ असं पसरत गेलं? पसरलं असेल तर त्यातला काही भाग वाढलेल्या टीएसएचचा असू शकतो. दुखतंय म्हणून गोळी, तिच्यामुळे ॲसिडिटीची गोळी, तिच्यामुळे थायरॉक्सिन कमी, त्यामुळे आणखी दुखणं, असं ते चक्र फिरत राहतं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण थायरॉइड कमी असताना त्या गोळ्यांनी स्नायू दुखण्याची शक्यता वाढते. मुंग्यांसाठी नसांच्या व्हिटॅमिनची गोळी घेत असतील तर तिच्यात बायोटिन आहे का बघा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच असतो त्याहून कमी दाखवतं, म्हणून तपासणीआधी निदान दोन दिवस ते थांबवायला सांगतात.

शेवटी तुम्ही बहिणीचं विचारलंय. तिचा थायरॉइड जास्त आहे, दोन महिन्यांपासून कार्बिमॅझोल (थायरॉइड कमी करणारी गोळी) आणि प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारी) चालू आहे, अधूनमधून अर्धशिशी उठते, तर तिलाही हेच लागू का? नाही, तिचं गणित वेगळं आहे. कार्बिमॅझोलमुळे क्वचित, पण झालं तर फार झपाट्याने, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, आणि बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांत होतं. त्याची खूण म्हणजे ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. एरवी अशा वेळी आपण पॅरासिटामॉल घेऊन झोपतो. तिने तसं करायचं नाही. ताप उतरेल, पण खूण झाकली जाईल. कार्बिमॅझोलची पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून पांढऱ्या पेशींची तपासणी करायची. रात्री आलं तर रात्री.

अर्धशिशीसाठी पॅरासिटामॉल तिला ठीक. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत नको, कारण ती थायरॉइडचं संप्रेरक रक्तातल्या प्रथिनांपासून सुटं करते आणि तिच्याकडे ते आधीच जास्त आहे. (हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी हे वाचून ती बंद करू नये, ती मात्रा फार लहान आहे.) अर्धशिशीची रिझाट्रिप्टान लिहून दिली असेल तर प्रोप्रानोलॉलबद्दल आवर्जून सांगायचं, कारण प्रोप्रानोलॉलमुळे रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि मात्रा कमी ठेवावी लागते.

आईंना पुढेमागे दुखण्यासाठी दुसरं काही सुचवलं गेलं, तर थोडक्यात असं. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीची औषधं थायरॉइड कमी असलेल्या माणसावर जास्त परिणाम करतात. गुंगी, बद्धकोष्ठ, मंद श्वास. आज टीएसएच नऊच्या वर असताना ती सुरू करायची वेळ आली तर डॉक्टरांना तो आकडा आधी सांगा. नसांच्या दुखण्यावरची एमिट्रिप्टिलिन थायरॉक्सिनबरोबर घेतली तर हृदयाचे ठोके वाढू शकतात. त्याच दुखण्यावरची कार्बामॅझेपिन शरीरातलं थायरॉक्सिन लवकर संपवते. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असताना टीएसएच कमी दिसू शकतो. यातलं काहीही निषिद्ध नाही, फक्त लिहून देणाऱ्याला थायरॉइडची गोळी माहीत असायला हवी. हाडांच्या डॉक्टरांना ती सांगितली होती का, हे तुमच्या प्रतिक्रियेतून मला कळलं नाही.

सध्या करण्यासारखं म्हणजे कॅल्शियम आजच रात्रीच्या जेवणावर न्या. चारही गोळ्या आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन थायरॉइडच्या डॉक्टरांकडे जा, पँटोप्राझोलचं नाव स्वतःहून काढा, आणि डोस बदलला तर त्या तारखेपासून सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा. 'थायरॉइड असेल तर पेनकिलर घेऊ नका' हे मात्र कृपया कोणाला सांगू नका. दुखणं सोसत बसलेलं माणूस चालणं सोडतं, आणि गुडघ्याला तेच सगळ्यात वाईट.

लेखातलं ते वाक्य मी पुसलेलं नाही. त्याच्याखाली आजची तारीख घालून दुरुस्ती लिहिली आहे आणि ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली असं नोंदवलं आहे. आईंचा पुढचा टीएसएच आला की जरूर कळवा, आणि त्या जिना चढायला लागल्या का, तेही.